गाडी गेली की पांढरी गोळी

नोकरी बदलायचा विचार करणं हीच ज्याची कायमची नोकरी, असा माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब! माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. जानेफळला स्टँडजवळ याचं औषधांचं दुकान. बी. फार्म. झालेला, हुशार, दिसायलाही बरा, पण वर्षातून दोनदा तरी बुलडाण्याला माझ्याकडे येणार, चहा बशीत ओतणार अन् जाहीर करणार, "भाऊ, मी दुकान सोडून राह्यलो. एवढं शिकलो अन् विकून राह्यलो काय, तं बाम अन् डायपर!" पहिल्या खेपेला मी घाबरलो होतो. आता मी पेपरातून डोकं न काढता विचारतो, "यंदा कुठं?"

एकदा तो औषध कंपनीचा एमआर झाला. टाय बांधला (टाय माझा, अजून परत आलेला नाही), बॅग घेतली आणि मेहकरच्या एका डॉक्टरांपुढे बसून म्हणाला, "साहेब, आमचं सिरप चांगलं हाय, पण तुम्ही लिहून राह्यले ते याच्याहून चांगलं अन् स्वस्त हाय. कायले बदलता?" डॉक्टर खूश झाले, कंपनी झाली नाही. स्वारी पुन्हा काउंटरमागे. बरं, तिथं तरी गुमान धंदा करावा? छे! कुणी "पावरची गोळी द्या" म्हटलं की हा विचारणार, "काऊन बे, बैलाले द्यायची हाय का?" आणि लिंबूपाणी सांगून परत पाठवणार. नात्यातल्या एका लग्नात तो नवरदेवाच्या आजोबांपुढे वाकला. आजोबांनी भरभरून आशीर्वाद दिला. हा मात्र त्यांच्या पायावरची सूज बोटानं दाबून पाहत होता! वर मांडवातच विचारतो, "आजोबा, बीपीची गोळी कधीपासून बंद केली?" आजोबांनी खरंच बंद केली होती म्हणून वाचला, नाहीतर वऱ्हाडी त्याला तसाच गाडीत घालून परत पाठवणार होते.

पण त्याची खरी करामत म्हणजे एसटी. गावातल्या म्हाताऱ्यांना घड्याळाची वेळ सांगून उपयोग नसतो. काहींना ते कळत नाही आणि ज्यांना कळतं त्यांचं बंद असतं. म्हणून यानं गोळ्या गाड्यांना जोडून दिल्या. "मेहकरची सकाळची गाडी गेली की पांढरी गोळी, अन् मंगच भाकर. शाळा सुटली की गुलाबी." लोकांना हे इतकं पटलं की अर्धं गाव गाडीच्या हॉर्नवर पाण्याचा तांब्या उचलू लागलं. हा पठ्ठ्या डेपोत जाऊन सांगून आला होता, "साहेब, सकाळची गाडी टाइमावर सोडा, माहे पेशंट हाय तिच्यावर." साहेबांना वाटलं, पेशंट गाडीत बसून येतात.

मागच्या वर्षी मात्र त्याला खरंच नोकरी लागली. संभाजीनगरला औषधांच्या कारखान्यात. पगार उत्तम, राहायला घर, मुलीला मोठी शाळा. या खेपेला त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "भाऊ, तिथं माह्या शिक्षणाचं काही तरी होईन," एवढंच म्हणाला, आणि मला त्याच्यासाठी मनापासून बरं वाटलं. मेव्हणी मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही संग जा. एकटे पाठवले तं हे मेहकरातच उतरतील."

मेहकर तर लांब राहिलं, गावसुद्धा संपलं नव्हतं! चाक पंक्चर झाल्यामुळे सकाळची गाडी त्या दिवशी चांगली दोन तास उशिरा आली. आम्ही बसलो, गाडी निघाली. शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. एका हातात तांब्या, दुसऱ्या तळहातावर गोळी, बाजूला झाकलेली भाकर. गाडी समोरून गेली, तशी तिनं गोळी तोंडात टाकली.

"थांबवा! गाडी थांबवा!" साडू ओरडला. मी बॅगा घेऊन मागून धावलो. कंडक्टर ओरडतोय, "ओ भाऊ, तिकीट मेहकरचं हाय तुमचं!"

"माय, तू अजून उपाशीच हायस?"

"गाडीच नव्हती आली ना बाप्पा," म्हातारी म्हणाली. "तूच तं सांगतलं होतं. आज गाडी आणाले तूच गेलता का काय?"

साडू तिच्याशेजारी ओट्यावर बसला. तिला भाकर खायला लावली. डोळ्यांत पाणी आलेलं, पण ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. "भाऊ, माहीच चूक हाय," म्हणाला. "एवढ्या लोकांइले गाडीच्या भरवशावर सोडून मी चाललो होतो."

मग तो घरोघर फिरला, आणि मी बॅगा घेऊन त्याच्यामागे. एका आजोबांना तर हॉर्न ऐकूच गेला नव्हता, ते गाडीची चौकशी करायला उपाशीच स्टँडकडे निघालेले सापडले. प्रत्येकाला नवी वेळ दिली: तव्यावरून पहिली भाकर उतरली की गोळी. दिवस मावळला. मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू? चालून आलेली लक्ष्मी अशी परत पाठवतात का? घरी पोचलो तर मेव्हणीनं बॅगांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हातपाय धुवा. भाजीत वांगे तुम्हा दोघांले धरूनच टाकले होते."

कारखान्याला त्यानं फोनवर नाही म्हणून कळवलं. पुढच्या महिन्यात दुकानाबाहेर दोन खुर्च्या आल्या. औषध कुठूनही घ्या, कसं घ्यायचं ते हा बसवून समजावतो. आरोग्य केंद्राचे डॉक्टर आता स्वतःहून माणसं पाठवतात. मध्ये माझ्याकडे आला, बशीत चहा ओतला. "भाऊ, मी नोकरी बदलली."

"आता काय करतोस?"

"तेच. पण आता बसून करतो."

इतका निवांत चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. मी स्वतः कचेरीत उभी हयात काढली. असा चेहरा मला आरशातही दिसला नाही.

यंदा मलाही साखर निघाली. माझी गोळी भाकरीवर नाही ठेवली त्यानं. "तुमच्याकडे सकाळी टोस्ट खातेत" म्हणाला. रोज सकाळी तो स्वतः फोन करतो, "घ्या, भाऊ" म्हणतो आणि ठेवतो. परवा फोनला उशीर झाला. टोस्ट समोर, गोळी तळहातावर, मी आपला बसून. बायको म्हणाली, "अहो, घेऊन टाका की! घड्याळ दिसत नाही का?"

"थांब," मी म्हणालो. "गाडी यायची आहे अजून."