बंदुकीचं काजळ

“बंदुकीला काय दृष्ट लागते, म्हणून तिची डबी वेगळी?” हौसाबाई म्हणाल्या. “काजळ ते काजळ.”

“दृष्ट नाही, सासूबाई, तूप बाधतं,” सगुणा म्हणाली. “तुम्ही यांना दिलीत ती बाळीच्या डोळ्यांच्या काजळाची डबी, तुपावर धरलेली.”

लग्न होऊन सगुणा टेंभी नाक्यावर आली तेव्हा तिचा नवरा गुणाजी ठासणीच्या बंदुका दुरुस्त करी. मग साहेबलोकांच्या नव्या बंदुका येऊ लागल्या, दाराच्या अडसरासारखी दांडी सरकवून बंद करायच्या. दांडीला पुढे दोन खुंट्या. दोन्ही आत सारख्या टेकायला हव्यात, नाहीतर बार उडाला की सगळा दणका एकीवर येतो आणि ती तुटली की दांडी मागे उडून बंदूक चालवणाऱ्याच्या तोंडावर. म्हणून गुणाजी आत काजळ लावी, दांडी बंद करून उघडी; जी खुंटी टेकली ती काळी होई, तिला तो दोन्ही काळ्या होईपर्यंत कुरुंदाच्या पुडीने घाशी. त्यासाठीचं काजळ सगुणा स्वतः धरी, कोरडं, तेलाच्या एका थेंबाचं. हे प्रमाण तिनेच चुकत चुकत बसवलं होतं.

आज खंडेनवमी. ती विहिरीवर गेली असताना काम उरकलं, हत्यारं पूजेत मांडली गेली, त्यांच्याशेजारी बंदूकही. जंगलखात्याचा साहेब ती घेऊन उद्याच शिकारीला निघणार होता.

“दोन्ही खुंट्या काळ्या झाल्या होत्या की,” गुणाजी म्हणाला.

“तुपाचं काजळ दाट बसतं. फट असली तरी काळं करतं. माझं लावून बघा.”

“पूजेतलं हत्यार उचलायचं?” हौसाबाई ताठ झाल्या. “तुझ्या सासऱ्यांनी जन्मात नाही उचललं.”

“हत्यार कशाला? काजळाला बोट पुरतं. आणि बंदूक साहेबाची, आपलं हत्यार नव्हे.”

गुणाजीने बंदुकीवरचा झेंडू बाजूला केला. तुपाचं काजळ पुसून काढलं, सगुणाचं लावलं, दांडी बंद केली, उघडली. उजवी खुंटी काळी होती. डावी लख्ख.

“बंदूक तयार आहे, असा मी साहेबाला निरोप धाडून बसलोय,” तो हळूच म्हणाला. “रागावला तर पुन्हा काम द्यायचा नाही.”

“तोंड शाबूत राहिलं तर रागावेल ना.”

हौसाबाईंनी बाळीची डबी उचलून घेतली. गुणाजीने दांडी ओढून काढली आणि बायकोच्या हातात दिली. सगुणाने ती फडक्यात गुंडाळून तांदळाच्या मडक्यात ठेवली, वर झाकण घातलं.

“साहेबाचा माणूस आला की त्याला सोनं द्या, गोडधोड खायला घाला आणि रिकाम्या हाताने परत पाठवा,” ती म्हणाली. “हत्यारं पूजेतून उठली की खुंटी घासायची. बंदूक त्यानंतर जाईल.”