पाय माझे, नेम तिचा

गोळीबाराच्या गेममध्ये खरं नवं काही कोणत्या कंपनीने आणलं, यावर माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं गेली पंधरा वर्षं भांडण चालू आहे. ताई शेलूबाजारला दिलेली, मी वाशीमला कचेरीत कारकून. असल्या गोष्टींवर भांडायची आमची वयं राहिली नाहीत, हे घरच्यांनी पुष्कळदा सांगून पाहिलं. कंपन्यांची नावं मी इथे घेत नाही. घेतली तर लगेच ताईचा फोन येईल आणि लिहिणं राहील बाजूला.

भांडणाचं मूळ रिसोडजवळच्या आमच्या मळ्यातल्या घरात आहे. वांगी-मेथी पिकवणाऱ्या त्या घरात कॉम्प्युटर आला तो ताईच्या क्लाससाठी, आणि त्यात कुणीतरी एक गेम टाकून दिलेला होता. हातात बंदूक, समोर लांबच लांब बोळ आणि वळणावळणावर शत्रू. पहिल्याच दिवशी आम्ही एकमेकांच्या झिंज्या धरल्या. माय खुरपं ठेवून आत आली. तिच्या राज्यात पेरू असो की पापड, त्याचे दोन भाग व्हायचे आणि विषय संपायचा. तिने टेबलाकडे पाहिलं, तिला दोन वस्तू दिसल्या. माउस ताईकडे सरकवला, कीबोर्ड माझ्याकडे. "ज्याचं त्यानं घ्या अन् चूप बसा," एवढं बोलून ती परत वांग्यांत गेली.

तिला काय ठाऊक, की कीबोर्डने चालायचं असतं आणि माउसने बघायचं, नेम धरायचा, गोळी झाडायची. एकाच शिपायाचे पाय माझ्या वाट्याला आले, डोळे आणि हात ताईच्या. सुरुवातीला आमचा शिपाई प्यायल्यासारखा भिंतींना धडकत चालायचा. मग जमलं. दोन वर्षं आम्ही त्याला मिळून चालवला, आणि हा गेम जगात सगळे एकेकटे खेळतात हे मला बरंच उशिरा कळलं. कळलं तेव्हा मला त्या लोकांची कीवच आली.

आमची मतं त्या वाटणीतून निघाली. ज्या कंपनीने गड्याला धावता धावता घसरायला शिकवलं, भिंतीआड दबा धरायला शिकवलं, तीच माझ्या लेखी थोर. ताई म्हणते, लपण्यात कसली अक्कल, लपतो तर उंदीरही. तिला आवडते ती दुसरी कंपनी, जिच्या गेममध्ये लांबवर मारलेली गोळी वाटेत थोडी खाली झुकते आणि प्रत्येक बंदुकीचा धक्का वेगळा लागतो. मग तिसऱ्याच एका कंपनीने असा गेम काढला, की तुम्ही हललात तरच काळ हलतो. तुम्ही थांबलात की सुटलेल्या गोळ्यासुद्धा हवेत लटकून राहतात. हे मात्र खरोखर नवं, यावर आमचं एकमत झालं आणि त्यावरूनच सगळ्यांत मोठं भांडण पेटलं. माझं म्हणणं, काळ पायांच्या ताब्यात दिला, म्हणजे हा पायांचा गेम. ताईचं म्हणणं, थांबून नेम धरायला सवड दिली, म्हणजे हातांचा. त्यानंतर दोन दिवस तिने माझा फोन घेतला नाही.

खरं सांगायचं तर मला कंपन्यांचं एवढं पडलेलं नव्हतं. ताई सासरी सगळ्यांना सांगायची, "गेम मी खेळत होती, हा नुसते बटनं दाबत होता." त्यावरून भाऊजी मला बटनवाले म्हणत. मी हसायचो, पण ते लागायचं. त्यातलं अर्धं माझं होतं, हे तिने एकदा तोंडाने म्हणावं, एवढ्यासाठी मी पंधरा वर्षं भांडत होतो.

यंदा उन्हाळ्यात ताई माहेरी आली, मीही सुट्टी टाकून मळ्यात गेलो. तिला सोडायला आलेले भाऊजी जेवायला थांबले, आणि पानावरच आमचं सुरू झालं. भाऊजींचं खतं-बियाण्यांचं दुकान, त्यामुळे न्याय दुकानदारी. माल पाहिल्याशिवाय भाव कसला, ते म्हणाले. दोघांनी माझ्या लॅपटॉपवरचा एकच गेम एकेकट्याने खेळून दाखवायचा, ज्याचा गडी पुढे जाईल त्याची कंपनी मोठी.

आधी मी बसलो. धावलो, घसरलो, उड्या मारल्या, पहारेकऱ्यांच्या नाकाखालून निघून गेलो. गोळ्या छताला लागल्या, एक फुलाच्या कुंडीला लागली. शेवटच्या दारात एक गडी निवांत उभा होता. मी त्याच्या चारी बाजूंनी भिंतीची चाळणी केली, मग त्याने एका गोळीत मला आडवं केलं. "पळाले मात्र झ्याक," भाऊजी म्हणाले.

मग ताई बसली. जो समोर आला तो एका गोळीत पडला. पाच, सहा, सात. मग कुणी येईना. समोरचा बोळ रिकामा पडला, आता पुढे जायचं होतं. ताईने एक बटन दाबलं, शिपाई मागे गेला. दुसरं दाबलं, तो खांबावर आपटला. तिसऱ्या खेपेला तो कोपऱ्यात तोंड घालून उभा राहिला. भाऊजी पोट धरून हसत होते. मीही एक टोमणा तयार ठेवला होता.

ताईने हात काढून घेतला. "मले चालता येत नाही रे," ती हळू म्हणाली. मग स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "तिकडं कॉम्प्युटर घेतला तवा लय येळा बसून पाह्यलं. पयल्या दाराच्या पुढं कधी गेलीच नाही. पाय तर तुयेच होते."

माझा टोमणा कुठे गेला कोण जाणे. ताईने लॅपटॉप माझ्याकडे अर्धा वळवला, माउस स्वतःकडे ठेवला आणि म्हणाली, "बस. चाल पुढं."

मी बोटं ठेवली आणि शिपाई सरळ चालू लागला. पण माझे डोळे भरून आले होते, समोरचं काही धड दिसेना. पहिलं दार ओलांडलं आणि मी तिला थेट खड्ड्यात नेलं.

"दिसत नाही काय तुले?" ताई म्हणाली.

मी म्हणालो, दाराला लागून खड्डा ठेवणाऱ्या कंपनीलाच अक्कल नाही. ताई म्हणाली, सगळ्या गेममध्ये नवं असं तेवढंच तर केलंय त्यांनी. भाऊजी उठून वांगी बघायला निघून गेले.