सोललेली लेबलं

धाकटीचं कसं होणार, या काळजीत आईचा चहा तसाच निवून गेला होता. पोरगी सकाळपासून स्वयंपाकघरात फतकल मारून बसली होती आणि स्वतःच्याच पिठाच्या पिशव्यांवरची लेबलं सोलत होती. नखं चिकट झालेली, पण चेहरा कसा खुलला होता!

खुलणारच. नोकरी सुटल्यावर तिने मिश्र धान्यांचं पीठ पिशव्यांत भरून विकायला काढलं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे काय, शेजारपाजार. आता एका मोठ्या दुकानाने मागणी दिली होती. फक्त एवढा माल गेला की वर्षाची विक्री जीएसटीच्या मर्यादेपलीकडे जाणार होती.

"अगं आई, सुट्या पिठाला कर नाही. लेबल काढलं की झालं सुटं! आहे की नाही डोकं?"

"डोकं आहे गं, पण ठिकाणावर आहे का?"

तेवढ्यात त्या दुकानाची खरेदी बघणाऱ्या बाईंचा फोन आला. धाकटीने मोठ्या फुशारकीने आपली युक्ती सांगितली. पलीकडे बाई खो खो हसल्या.

"अहो ताई, वजन करून भरलेली, तोंड बंद केलेली पिशवी ती! लेबल सोललं म्हणून सुटी कशी होईल? आणि बिनलेबलाचं पीठ मी फळीवर ठेवू तरी कसं? जीएसटीची नोंदणी करून घ्या लवकर. आमची आणखी दोन दुकानं आहेत, तिन्ही ठिकाणी ठेवायचंय तुमचं पीठ, पण नोंदणी क्रमांक आल्याशिवाय नाही."

फोन ठेवताच धाकटीने उडीच मारली. "तिन्ही दुकानांत, आई! तिन्ही!" चिकट हातांनी तिने आईला गच्च मिठी मारली, आणि दुसऱ्याच क्षणी मटकन खाली बसली. "पण नोंदणी, बिलं, ती विवरणपत्रं... मला काही म्हणता काही येत नाही त्यातलं. चुकलं की दंड."

"थोरली कशाला आहे? दिवसभर दुसऱ्यांची तीच कामं तर करते."

"तिच्याकडे? मेले तरी नाही! चारचौघांत 'पीठवाली' म्हणाली होती मला."

"मग आहेसच की पीठवाली. तीन दुकानांची!"

"हसू नकोस. म्हणेल, आली शेवटी नाक घासत."

"नाक मोठं की तीन दुकानं, ते ठरव एकदा."

धाकटीने एक सोललेलं लेबल पुन्हा पिशवीवर दाबून बसवलं. मग पुटपुटली, "तू कर फोन. पण मी सांगितलं म्हणून नको सांगूस."

त्या 'पीठवाली'च्या दिवसापासून बहिणी एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या. थोरली पुन्हा काही लागट बोलली, तर ही हट्टी पोरगी तिन्ही दुकानांवर पाणी सोडायची. पण गप्प बसलं तरी दुकानं जाणारच होती. आईने फोन हातात घेतला. विनवणी करायची नाही, हे तिने पक्कं केलं. एवढंच सांगायचं, आणि तेही ताठ मानेने, की तुझ्या बहिणीचा धंदा आता कर भरण्याएवढा मोठा झालाय.