हळद लागलेली सीट

हळदीच्या बाजारावर जगणाऱ्या वसमतमध्ये हळदीला नावं ठेवणारा माणूस सापडायचा नाही, पण त्या दिवाळीआधी सुनितानं तिला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली.

सुनिता तांड्यावरची. नवरा मोहनसिंग याचं नाक्यावर गाड्यांच्या सीट दुरुस्तीचं दुकान. लकव्यानं त्याचा उजवा हात गेला, आणि इतकी वर्षं शेजारी बसून शिवण मारणाऱ्या सुनितानं रंगाची गनही हातात घेतली. बाईच्या हाती गाडी द्यायला लोक कचरायचे. दीर धर्मसिंग ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. दिवाळीपर्यंत दुकान चाललं तर ठीक, नाहीतर कुलूप लाव आणि अर्धा कोयता म्हणून टोळीत चल, असं त्यानं बजावलं होतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटी बाई अर्धी. हा हिशेब कोणी काढला देव जाणे, पण तो सुनिताच्या जिव्हारी लागला होता.

अशात संतरामकाका आले. हळदीचे बागायतदार. हौसेनं पांढऱ्या लेदर सीटची जुनी गाडी घेतली, आणि लग्नात अंगाला ओली हळद लागलेली लेक तशीच तीत बसली. सीट पिवळी झाली. काकांनी कपड्याचा साबण लावून खसाखसा घासली, तर पिवळ्याची लाल झाली. आता दिवाळसणाला जावई यायचा होता. बाकीच्या दुकानदारांनी वरून कव्हर चढवा म्हणत वाटेला लावलं होतं. सुनिता म्हणाली, करून देते.

तिनं सीट पुसली, चिरा भरल्या, पॉलिश पेपर मारला, पांढरा रंग दिला. बाजेवरून मोहनसिंगनं मान डोलावली. पण काका गाडी न्यायला यायच्या दिवशी सकाळी तिनं शिवणीपाशी निरखून पाहिलं, तर पांढऱ्याखालून पिवळी झाक वर येत होती. पटकन कोणाच्या लक्षात आली नसती. मोहनसिंग म्हणाला, देऊन टाक, पुढचं पुढं बघू. बिचाऱ्याचं तरी काय चुकलं, घरात चूल पेटायला हवीच. सुनितानं स्पिरिटची बाटली उघडली आणि सगळा रंग उतरवायला घेतला.

उघडी पडलेली सीट पाहून काका भडकले. सुनितानं खाली मान घातली नाही.

"काका, चूक माजी हाय. हळद मुरल्याली असताना वरून रंग मारला. आज नेली असती तर जावयाम्होरं पिवळी झाली असती. दिवाळीच्या आत देते."

"आन् न्हाई झाली तर?"

"तर दुकानाला कुलूप. मंग मी न्हाई अन् दुकान न्हाई."

लुगड्यावरची हळद उन्हानं उडते, हे कुठल्या बाईला सांगावं लागत नाही. आपल्यालाच ते ऐन वेळी सुचलं नाही, याचा तिला भयंकर राग होता. पण कातडं म्हणजे लुगडं नव्हे, ते उन्हात तडकतं. म्हणून कोवळं ऊन दाखवायचं, दुपारी सावलीत ओढायचं, ओलसर फडकं फिरवायचं, तिरपं ऊन आलं की पुन्हा बाहेर. धर्मसिंग मध्येच येऊन बघून गेला, हसला. हसू दे, म्हणाली ती. डाग पार विरल्यावरच तिनं रंगाआधीच्या अस्तराचा, म्हणजे प्रायमरचा, हात दिला, झाक वर येत नाही याची खात्री केली, आणि मग रंग मारला.

धनत्रयोदशीला काका आले. टोळीची माणसं गोळा करत फिरणारा धर्मसिंगही तेव्हाच जीप घेऊन टपकला. काकांनी ओलं पांढरं फडकं सीटवर दाबून घासलं. फडकं पांढरंच राहिलं. बसायला त्यांनी घरून टॉवेल आणला होता. तो त्यांनी मागं टाकला आणि पांढऱ्या धोतरानिशी खुशाल बसले. सुनिताचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

गाडी गेल्यावर धर्मसिंगनं विचारलं, टोळीत येणार की नाही.

"न्हाई, भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्या जीपची सीट पार फाटून गेली. टोळी निघायच्या आत करून देते."

धर्मसिंगनं जीप वळवली आणि दुकानाच्या सावलीत आणून लावली.