गुळाचे सात खडे
दारात गादी पिंजायला घेतली की कापसाच्या वासाने मला सोलापुरातली ती रात्र आठवते. थेटरात रात्रभर भुतांचे तीन जुने चित्रपट होते. सूतगिरणीत कामाला असलेल्या माझ्या थोरल्या भावाला आडवं झालं की दम लागे, म्हणून तो मला घेऊन तिथे जागायला गेला. श्वासातून छातीत गेलेला कापूस गुळाने उतरतो, असं गिरणीत सगळे मानत. मी सात खडे नेले होते. भूत आलं, लोक ओरडले, भाऊ खोकला. मागून कुणी म्हणालं, “पावणं, भुताला तरी बोलू द्या की.” भाऊ मला म्हणाला, “हे भूत बरं, दिवं लागलं की जातंय.” दिवे लागले तेव्हा खडे संपले होते आणि तो खोकतच भोंग्याला गिरणीत गेला. वर्षभरात तो वारला. सातऐवजी सत्तर खडे नेले असते तरी तेच झालं असतं, हे मला आता कळतं.