गरोदर बाईला लस नाही

डॉ. नलिनी गेल्याचं तिच्या भाच्यानं फोनवर सांगितलं. वसमतहून नांदेडला नेताना वाटेतच. कॉलेजपासूनची माझी मैत्रीण, वसमतची बाळंतपणाची डॉक्टर.

महिन्याभरानं शोकसभा झाली. एक निवृत्त अधिकारी गहिवरून म्हणाले, "गरोदर मातांच्या लसीसाठी मॅडम आणि मी खांद्याला खांदा लावून लढलो." टाळ्या पडल्या. मी मधेच उठून बाहेर आले.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत शाळा बंद होत्या आणि आम्हा शिक्षकांना लसीकरण केंद्रावर नोंदणीला बसवलं होतं. शिरड शहापूरकडच्या एका तांड्यावरची शेवंता स्वतःहून आली. सातवा महिना. तिची चुलतबहीण नुकतीच करोनानं गेली होती. "मला सुई द्या," एवढंच म्हणत होती. गरोदर बाईला लस द्यायचा आदेश नव्हता, म्हणून तिला परत पाठवलं. नलिनीनं माझ्यासमोर याच अधिकाऱ्याला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "गरोदर बायकांवर चाचण्याच झाल्या नाहीत मॅडम. उद्या काही झालं तर माझ्या गळ्याशी येईल."

नलिनी ओरडली, "अभ्यासातून त्यांना वगळायचं तुम्हीच, आणि पुरावा नाही म्हणून हाकलायचंही तुम्हीच! अन् ती मेली तर कुणाच्या गळ्याशी?"

तोवर त्यानं फोन ठेवून दिला होता.

शेवंता पुढच्या महिन्यात करोनानं गेली. पोटातली मुलगी वाचली.

मग गरोदर बायकांना लस द्यायची परवानगी आली. तेच साहेब फलक, फोटोग्राफर घेऊन तांड्यावर निघाले, नलिनीलाही सोबत घेतलं. शेवंताच्या सासूनं, धाकट्या गरोदर सुनेला मागं सारत, दारातच अडवलं. "माझी सून मागाया आली तवा दिली न्हाई. आता काहून मागं लागून राहिले?" साहेब हसत म्हणाले, "अडाणी लोक." नलिनी त्यांच्या गाडीतून परतली नाही. म्हातारीजवळ ओसरीवर बसली, म्हणाली, "तुमचं बराबर हाय, आजी." पुढं ती एकटीच जात राहिली. लसीचं नाव न काढता शेवंताच्या मुलीला तपासायची. शेवटी म्हातारीच धाकट्या सुनेला घेऊन दवाखान्यात आली. "तुमच्या हातानं द्या. त्या फोटोवाल्यांच्या न्हाई."

साहेबांना त्या वर्षी उत्कृष्ट कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं. नलिनीनं ते वाचून पेपर दूर सारला होता. तिला राग येत नव्हता, शिसारी यायची. आता ती शिसारी माझ्याकडे आली आहे, आणि जात नाही.

परवा माझ्या लेकीचा फोन आला. पाचवा महिना आहे. "आई, डॉक्टर फ्लूची लस घे म्हणतात. काही होत नाही ना गं?"

"काही होत नाही" हे शब्द नलिनीनं कुठल्याही बाईला कधी सांगितले नाहीत. सुई हातात घेऊन ती सगळं खरं सांगायची, मग बाईच्या होकाराची वाट पाहत थांबायची. बाहेर कितीही रांग असो.

मी म्हटलं, "दंड दुखेल. एखादा दिवस कणकणही येईल. पण तापानं तू आडवी पडण्यापेक्षा ते बरं." लेक पलीकडे विचार करत होती. मी थांबले.