एकशे अठरा मीटर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आपल्या नवऱ्याचं सगळं आपल्याला माहीत आहे असा तिचा समज आहे आणि तो मी कधी मोडला नाही — पण हे तिलाही माहीत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा गेल्या महिन्यात पुंडलिकनगरला एका घरी जाऊन आलो, तेव्हापासून ते घर डोक्यातून जात नाही, म्हणूनही असेल.

माझं काम तसं कुणाच्या नजरेत न भरणारं. ऑफिसच्या इमारतींमध्ये संगणकांचं जाळं आखून द्यायचं — कुठली तार कुठून निघेल, कुठल्या टेबलाला जाईल, हे कागदावर काढायचं आणि मग उभं राहून करून घ्यायचं. सगळं फॉल्स सीलिंगच्या, म्हणजे खोट्या छताच्या वर नाहीतर भिंतीच्या आत जातं. नळाला पाणी आल्यावर पाइप टाकणाऱ्याची आठवण कुणी काढतं का? तसंच हे. आणि कामात मी फार टापटिपीचा आहे बरं का. माझ्या हातच्या तारांच्या जुड्या बघून लोक फोटो काढतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, हा माणूस हलगर्जी असणार. हलगर्जी मी नव्हतो. असतो तर बरं झालं असतं — हलगर्जी माणसाला आपण काय केलं हे निदान ठाऊक नसतं.

जालना रोडवर चिकलठाण्याकडे जाताना एक सहा मजली इमारत आहे. सगळे मजले एकाच संस्थेचे, नाव नको. स्वतःच्या हिमतीवर आखलेलं ते माझं पहिलं काम. तोवर दुसऱ्यांच्या हाताखाली राबलो होतो. काम होत आल्यावर वडिलांना गावाहून आणून इमारत दाखवली. म्हटलं, अण्णा, हे सगळं माझ्या कागदावरून झालंय. ते मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आरं पण दिसत तर कायबी नाय." मी छताकडे बोट दाखवलं. त्यांनी छताकडे बघून मान हलवली, माझ्या समाधानासाठी. मला काय अभिमान वाटला होता त्या दिवशी!

आता थोडं समजून घ्या, फार नाही. प्रत्येक मजल्यावर एक लोखंडी कपाट असतं, आम्ही त्याला रॅक म्हणतो. तिथून प्रत्येक टेबलाला वेगळी तार जाते. ती तार शंभर मीटरच्या आत असावी लागते. त्याहून लांब झाली तर निरोप पलीकडे पोचेपर्यंत विरतो — कधी पोचतो, कधी नाही. झालं, एवढंच.

रॅक मी जिन्याजवळ, एका टोकाला ठेवले. तारा ओढायला रशीदभाई होते, शहागंजचे. टेलिफोनच्या तारा ओढण्यात त्यांची अर्धी हयात गेलेली. नकाशा बघताच त्यांनी मजल्याच्या मधोमध बोट ठेवलं — रॅक इथं पाहिजे. मी म्हणालो, मध्ये लिफ्ट आहे, संडास आहेत, अडचण होईल. खरं सांगू? टोकाला ठेवल्यावर नकाशा देखणा दिसत होता. सगळ्या रेषा एका अंगाला सरळ जायच्या.

चौथा मजला पोर्चवर पुढे आलेला. तिथल्या खिडकीच्या कोपऱ्यातलं टेबल सगळ्यात लांब. नकाशावर मी पट्टी ठेवून मोजलं होतं — ऐंशी मीटर. पण पट्टी सरळ जाते, तार जात नाही. तार रॅकमधून वर चढते, लिफ्टला वळसा घालते, तुळईला वळसा घालते, मग भिंतीतून खाली उतरते. अलीकडची टेबलं कशीबशी शंभरात बसली. ते एक बसलं नाही. तारेच्या अंगावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. रशीदभाईंनी शिडीवरूनच वाचला. "साब, एकसौ अठरा आरा. तुमारा कागज तो अस्सी बोल्रा." मग म्हणाले, "बीच में एक छोटा डब्बा लगा देव. नहीं तो वहाँ जो बैठेगा, उसकू तकलीफ होगी."

बरोबर बोलत होते. मध्ये एक लहान रॅक लावला असता की काम भागलं असतं. पण बाकीचं छत बंद झालेलं, उद्घाटन चार दिवसांवर आलेलं, आणि ते पुन्हा उघडायचं म्हणजे संस्थेच्या साहेबांसमोर उभं राहून म्हणायचं होतं — माझं मोजमाप चुकलं. तीन शब्द. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत.

मग मी काय केलं? प्रत्येक तार तपासायचं एक यंत्र असतं. तार नीट असली तर हिरवी खूण दाखवतं, नसली तर लाल. त्या टेबलाला लाल आली. मी यंत्र शेजारच्या टेबलाला लावलं, तिथं हिरवी आली, आणि ती कोपऱ्यातल्या टेबलाच्या नावानं जतन केली. मिनिटभराचं काम. रशीदभाई बघत होते. त्यांनी शिडी मिटली आणि घेऊन गेले. त्यानंतर तीनदा त्यांना कामाला बोलावलं, तिन्ही वेळा त्यांना दुसरं काम होतं.

थांबा — कबुली ही नाही. एवढंच असतं तर कधीतरी बायकोला सांगून मोकळा झालो असतो.

त्या टेबलावर मंदाताई बसल्या.

आस्थापना विभागात होत्या त्या. सगळ्यांची सेवापुस्तकं, रजा, बढत्या, सगळं त्यांच्याकडे. वयानं माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. ती जागा त्यांनी स्वतः मागून घेतली होती, कारण खिडकीतून चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरणारी विमानं दिसायची. माणसं रजेचा अर्ज घेऊन यायची आणि घरचं सगळं सांगून जायची. कोण कधी लागलं, कुणाची आई आजारी आहे, कुणाची किती रजा उरलीय — बाई पुस्तक न उघडता सांगायच्या. संगणक येणार म्हटल्यावर घाबरल्या, पण हटल्या नाहीत. पन्नाशी उलटलेली असताना क्लास लावून मराठी टायपिंग शिकल्या. बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "समदी पुस्तकं मीच चढवणार यात. माझ्याबिगर कुणाला लागायचं नाय ते."

आणि त्यांच्या संगणकाचा जाळ्याशी जोड मध्येच तुटायचा. तासभर भरलेलं निघून जायचं. उन्हाळ्यात तर दुपारी हटकून — छतावरची पोकळी तापली की लांब तार आणखी अडते. हे मला माहीत होतं. ऑफिसात मात्र थट्टा सुरू झाली, की जेवण झालं की बाई डुलकी घेतात आणि भलतंच बटण दाबतात.

दुरुस्तीचं काम माझ्याकडेच होतं. पहिल्यांदा गेलो, तार काढून घातली, चालू झालं. मंदाताई शेजारी उभ्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं, "माझ्याकडून काय चुकलं का हो भाऊ?"

किती सोपं होतं! नाही ताई, तुमचं काही नाही — एवढंच म्हणायचं होतं. पुढचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "ताई, तुम्ही बटणं जरा घाईनं दाबता. मशीन गोंधळतं मग."

कुठून आलं हे? मला खरंच माहीत नाही. तोंडातून गेलं आणि त्यांनी मान डोलावली. ड्रॉवरमधून एक वही काढली आणि लिहून घेतलं — बटण सावकाश दाबावे.

मग दर खेपेला मी एक नवा नियम देत गेलो. चालू केल्यावर पाच मिनिटं हात लावायचा नाही. पडद्यावर एका वेळी एकच खिडकी उघडायची. हात कोरडे ठेवायचे. त्यांचं अक्षर फार सुरेख. पानावर वर मथळा — संगणकाचे नियम — आणि खाली आकडे घालून अकरा नियम. अकराच्या अकरा खोटे. मी स्वतः मोजलेत. बाई ते पाळायच्या हो! टेबलाशी बसण्याआधी हात धुऊन, पुसून, मांडीवर ठेवून पाच मिनिटं घड्याळाकडे बघत राहायच्या. येणारे-जाणारे हसायचे. आणि मला चकरा पडतात म्हणून त्यांनाच वाईट वाटायचं. एकदा माझ्यासाठी धपाटे घेऊन आल्या, दही आणि ठेचा वेगळ्या डब्यात. मी खाल्ले. चवीनं खाल्ले.

आता जवळ आलोय. जरा सांभाळून घेत सांगतो — नाही, सांभाळून घेत सांगितलं म्हणूनच इतकी वर्षं गेली. सरळच सांगतो.

एके दिवशी प्रशासनाच्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. काम मागं पडलं होतं, वरून विचारणा झाली होती. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाले, बाईंची जागा बदलून बघू, दुसऱ्या कुणाला बसवू त्या कोपऱ्यात, म्हणजे कळेल. मंदाताईंनी एकदम वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेलो नाही — त्यांना आशा वाटली होती. आणि मला ते होऊ द्यायचं नव्हतं. कारण दुसरं कुणी बसलं असतं तर त्यानं आठवड्यात आरडाओरडा केला असता, तार तपासली गेली असती, आणि ती हिरवी खूण कुणी, कशी घेतली तेही निघालं असतं. माझं पाप त्या जागेवर मंदाताई बसल्या होत्या म्हणून झाकलेलं होतं. त्या स्वतःला दोष देत होत्या, म्हणून.

मी म्हणालो, "जागेत काही दोष नाही सर. तपासणीचा अहवाल आहे आपल्याकडे. शेवटी वापरणाऱ्याच्या हातावर असतं."

त्या समोर उभ्या असताना म्हणालो. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता रागावतील, भांडतील — भांडायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "खरंय त्यांचं साहेब. लई समजावून सांगत्यात ते. मलाच जमत नाय."

पुढच्या सोमवारी त्यांना तळमजल्यावर आवक-जावकला बसवलं. सेवापुस्तकं दुसऱ्याकडे गेली. तिथं खिडकी नव्हती. निवृत्तीपर्यंत त्या तिथंच राहिल्या, आलेल्या पाकिटांवर शिक्के मारत. आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या कोपऱ्यात कपाटं ठेवावीत, उजेड जाईल तर जाईल, असं साहेबांना कुणी सुचवलं? मीच.

नंतरही इमारतीत जायचो तेव्हा मंदाताई खिडकीसारख्या त्या काउंटरमागून हाक मारायच्या, पोराबाळांची चौकशी करायच्या. मी जिन्यानं वर जायचो तो घाईत असल्यासारखा. माझ्याविषयी त्यांच्या मनात कधी काही आलं नाही. यायला हवं होतं ना? एकदा तरी?

गेल्या महिन्यात त्यांच्या शेजारणीचा फोन आला. मंदाताईंच्या घरी इंटरनेट घ्यायचंय, मुलीचा आग्रह आहे. मुलगी बंगळूरला, तिला बाळ झालंय. बाई म्हणतात, बसवायचं तर तुमच्याकडूनच, दुसऱ्यावर त्यांचा भरवसा नाही. मी गेलो. पुंडलिकनगरात दोन खोल्यांचं घर, स्वच्छ. यजमान जाऊन दोन वर्षं झाली म्हणाल्या. मुलीनं चांगला मोठा फोन पाठवलेला, तो टेबलावर रुमाल घालून ठेवलेला. मी पेटी बसवली, फोन जोडून दिला. म्हणालो, आता नातीला रोज बघा.

हसल्या. म्हणाल्या, आत्ताही फोनच्या नेटवर मुलगी फोन करते, शेजारीण असली की ती उचलून देते. आणि ती नसली तर? — मी विचारायला नको होतं. "मग वाजून वाजून बंद हुतो. बघत बसते मी. तुम्हाला तर ठावं हाय भाऊ, माझा हात लागला की बिघडतंय. आन् बाळाचं तोंड दिसताना मधीच तुटलं तर?"

गॅसच्या शेगडीशी, शिलाईच्या मशीनशी राबलेले, आयुष्यभर शेकडो पानं लिहिणारे ते हात. त्यांना काही झालेलं नव्हतं. कधीच नव्हतं. तार लांब होती — एकशे अठरा मीटर — आणि मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हे वाक्य तिथं, त्या खोलीत, माझ्या जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा. मंदाताईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घ्या ना भाऊ तुम्ही."

मी घेतला. पडद्यावर बाळ दिसलं, टोपडं घातलेलं, जांभई देणारं. बाई पुढं वाकून, फोनपासून वीतभर अंतर राखून त्याच्याशी बोलत होत्या, हसत होत्या, मध्येच डोळे पुसत होत्या. दहा-बारा मिनिटं झाली असतील. तेवढा वेळ फोन मी धरून होतो. त्यांनी तो मागितला नाही, आणि मी त्यांच्या हातात दिला नाही.